चर्चचा बेस घरी ऐकू येतो, पण घरचा आवाज बेसला पोहोचत नाही: पावसाळ्यात दरवर्षी उद्भवणारा दोष कसा शोधायचा

तक्रार दरवर्षी तीच असते. मे महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपत्तीसाठी ठेवलेल्या हॅम रेडिओची (परवानाधारक हौशी लोकांच्या वायरलेस संचांची) चाचणी होते, तेव्हा सगळे संच ठणठणीत चालतात. मग जुलै येतो. पाणी भरतं, वीज जाते, मोबाइल मुका होतो. वाडीतल्या घरांना चर्चचा बेस, म्हणजे चर्चमधलं मुख्य रेडिओ केंद्र, खणखणीत ऐकू येतो, पण घरून कुणी बोललं की बेसवरचा माणूस पुन्हा पुन्हा विचारत राहतो, 'कोण बोलतंय? परत सांगा.' दोन-तीन प्रयत्नांनंतर घरचा माणूस कंटाळून संच बाजूला ठेवतो. नेमकं त्याच घरात ऑक्सिजनवर असलेलं म्हातारं माणूस असू शकतं, म्हणून हा दोष अंगावर काढून चालणार नाही.

पुढचं सगळं वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली धर्मग्रामं (एकेका चर्चच्या हद्दीतली वस्ती) डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. सपाट किनारी जमीन, नारळी-केळीच्या वाड्या, मध्येच उठलेल्या आरसीसी इमारती, जाड दगडी भिंतींची जुनी चर्च आणि वर्षभर खारा वारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा फोन कसे ठप्प होतात ते मुंबईने पाहिलं. जुलै २०१८ मध्ये वसईच्या मिठागरात माणसं अडकून पडली. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तारांवर झाडं कोसळली. अशा वेळी धर्मग्रामाच्या आत कोण ठीक आहे आणि कुणाला मदत हवी एवढं जरी कळलं, तरी पुष्कळ झालं. त्यासाठी हॅम रेडिओ पुरतो, फक्त तो दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे.

मांडणी साधारण अशी धरली आहे: चर्चमध्ये गाडीत बसवतात तशी २५ वॉटची रिग (मोठा रेडिओ संच), मनोऱ्यावर किंवा गच्चीवर उभी अँटेना, मध्ये ३० मीटर कोॲक्स केबल. घरांमध्ये ५ वॉटच्या हँडी (हातात धरायचे संच). सगळे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास एकाच सिम्प्लेक्स फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे बोलायला आणि ऐकायला तीच फ्रिक्वेन्सी.

आधी दोष कुणाकडे आहे ते ठरवा

'मला बेस ऐकू येतो, म्हणजे माझा संच चांगला आहे' आणि 'मी सगळ्यांना ऐकू जातो, म्हणजे बेस चांगला आहे' हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि सगळा गोंधळ यांतूनच सुरू होतो. दोन ठिकाणांमधली वाट दोन्ही दिशांना सारखीच असते. झाडं, भिंती, केबल आणि अँटेना जाताना जितकं खातात तितकंच येतानाही खातात. फरक पडतो तो दोनच गोष्टींनी: कोण किती शक्तीने बोलतो, आणि ऐकणाऱ्याच्या जागी गोंगाट (विजेच्या उपकरणांमुळे रेडिओत येणारी खरखर) किती आहे. २५ वॉट आणि ५ वॉट यांत ७ डेसिबलचा, म्हणजे शक्तीत पाचपट, फरक आहे. म्हणजे बेसची केबल अर्धी सडली तरी त्याचा आवाज रेटून घरापर्यंत जातो. घरचा आवाज मात्र त्याच सडक्या केबलमध्ये मरतो. म्हणून 'बेसला ५० वॉटची रिग घेऊ' या सूचनेने काहीही सुटत नाही. बेस आणखी मोठ्याने बोलेल, बहिरा तेवढाच राहील.

पहिली चाचणी पाच मिनिटांची आहे, आणि ती केल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. बेसने आपली शक्ती ५ वॉटवर आणायची आणि अडचणीतल्या घराला विचारायचं, 'आता कसा ऐकू येतोय?'

घराला ५ वॉटचा बेसही स्वच्छ ऐकू येत असेल, तर वाट चांगली आहे. दोष बेसच्या जागी असलेल्या गोंगाटात आहे, किंवा त्या घरची हँडी ५ वॉट बाहेर टाकतच नाही. या दोहोंतलं कोणतं ते कळायला खात्रीची दुसरी हँडी घेऊन त्याच घरात, त्याच जागी उभं राहून बोला. तीही ऐकू गेली नाही तर बेस तपासा, ऐकू गेली तर घरची हँडी.

५ वॉटवर बेसही खरखरीत ऐकू येऊ लागला किंवा गायब झाला, तर वाटच अशक्त आहे. मग बेसची केबल, बेसच्या अँटेनाची उंची आणि घरातली उभं राहण्याची जागा, या क्रमाने बघा. एकाच घराची तक्रार असेल तर क्रम उलटा करा आणि घरापासून सुरुवात करा. सात-आठ घरांची एकदम तक्रार असेल तर दोष चर्चमध्येच आहे असं धरून चाला.

केबल: सर्वांत जास्त वेळा इथेच सापडतं

केबलच्या टोकाला लावतात तो पीएल-२५९ कनेक्टर जलरोधक नसतो. दिसायला भक्कम असतो, पण त्याच्या फिरत्या कड्याखालून पाणी शिरतं, केबलच्या आवरणाखालच्या तांब्याच्या जाळीतून केशाकर्षणाने खाली उतरतं आणि मीटरच्या मीटर तांबं काळं पडतं. खाऱ्या हवेत एक पावसाळा पुरतो. उन्हाळ्यात केबल थोडी वाळते आणि मे महिन्याची चाचणी पास होते. जुलैत ती पुन्हा भिजते.

इथे एक मोठा चकवा आहे. लोक एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा; १ म्हणजे काहीच परत येत नाही) रिगच्या मागे लावतात, १.२ दिसतं आणि म्हणतात, 'अँटेना एकदम मस्त.' पण सडकी केबल जाणारी शक्तीही खाते आणि अँटेनाकडून परत येणारीही खाते. मीटरला परत काही येताना दिसतच नाही, म्हणून आकडा सुंदर दिसतो. केबल जितकी खराब, तितका एसडब्ल्यूआर चांगला. कित्येक बेस याच आकड्यावर विसंबून वर्षानुवर्षं बहिरे राहतात.

खरी परीक्षा अशी: एक जण वर जाऊन अँटेनापासून केबल सोडवतो आणि टोक मोकळं ठेवतो. खाली नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल तपासायचं छोटं यंत्र) लावून १४५ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर वाचा. नॅनोव्हीएनए नसेल तर रिग सर्वांत कमी शक्तीवर ठेवून दोन सेकंद पीटीटी (बोलायचं बटण) दाबा आणि मीटर वाचा, त्याहून जास्त वेळ नको. आता मीटरने मोठा आकडा दाखवायला हवा. ३० मीटर लांबीच्या धडधाकट केबलला प्रकारानुसार साधारण हे आकडे येतात: एलएमआर-४०० ला साडेपाच-सहा, आरजी-२१३ ला साडेतीनच्या आसपास, आरजी-५८ ला दीड ते पावणेदोन. आरजी-२१३ असूनही मोकळ्या टोकाला १.५ दिसलं, तर केबल मेली आहे. ती दुरुस्त होत नाही.

आरजी-५८ चा आकडा पुन्हा वाचा. कोरी करकरीत ३० मीटर आरजी-५८ या फ्रिक्वेन्सीवर सुमारे ६ डेसिबल खाते. घरून आलेल्या सिग्नलचा चौथा हिस्साच रिगपर्यंत पोहोचतो. ही केबल घरातल्या पाच मीटरसाठी ठीक, मनोऱ्यासाठी अजिबात नाही. खर्चाचा प्रश्न निघाला तर आमचं ठाम मत आहे की रिग जुनी घ्या, पण केबल चांगली घ्या.

केबल आत किती खराब झाली आहे ते डोळ्यांनीही दिसतं. वरच्या टोकाचा कनेक्टर कापून टाका आणि पाच सेंटिमीटर आवरण सोला. जाळी नव्या भांड्यासारखी चकचकीत असेल तर नशीब चांगलं. काळपट किंवा हिरवट असेल तर आणखी दहा सेंटिमीटर मागे कापून बघा. तीस सेंटिमीटर मागे गेल्यावरही चकचकीत तांबं लागलं नाही, तर पुढे कापत बसू नका, पूर्ण केबल बदला.

नवा कनेक्टर बसवल्यावर तो गुंडाळायची पद्धत महत्त्वाची आहे. आधी साध्या इलेक्ट्रिकल टेपचा एक थर द्या, म्हणजे पुढे उघडताना चिकट घाण कनेक्टरला लागत नाही. त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप, ताणून जवळजवळ अर्ध्या जाडीची करून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत. सुरुवात खालून करायची आणि वर जायचं. कौलं जशी खालच्या ओळीपासून चढवतात तशी, म्हणजे पाणी वरच्या थरावरून खालच्या थरावर ओघळतं, सांध्यात शिरत नाही. शेवटी काळी विनाइल टेप, तीही खालून वर, म्हणजे रबराला ऊन लागत नाही. कनेक्टरवर एम-सील थापू नका; आतलं पाणी बाहेर येत नाही आणि पुढच्या वर्षी कनेक्टर फोडावा लागतो. सिलिकॉन वापरायचंच असेल तर ॲसिड नसलेलं, न्यूट्रल क्युअर वापरा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते तांबं खातं.

केबल खिडकीतून किंवा झरोक्यातून आत घेण्यापूर्वी तिला छिद्राच्या खाली एक वीतभर झोल द्या. पाणी झोलाच्या तळाशी येऊन ठिबकतं, भिंतीत जात नाही. मनोऱ्याच्या दगडात छिद्र पाडायची गरज नसते. गॅल्व्हनाइज्ड पाइप लाकडी चौकटीला किंवा गच्चीच्या कठड्याला क्लॅम्पने धरता येतो, आणि फादरांची परवानगीही लवकर मिळते. अँटेना तडितरक्षकाच्या टोकापेक्षा खाली ठेवा, पाइप अर्थिंगला जोडा, केबल आत येते तिथे अर्थ केलेला सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) लावा. आणि वीज कडाडायला लागण्यापूर्वीच केबल रिगपासून सोडवून खिडकीबाहेर ठेवा. त्या अर्ध्या तासात बेस हँडीवर चालवा.

गोंगाट: चर्चची रोषणाई, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर

पहिल्या चाचणीत वाट चांगली निघाली आणि तरी बेसला ऐकू येत नसेल, तर हा तपास करा. अडचणीतल्या घराला सलग दहा सेकंद बोलायला सांगा, आणि ते बोलत असतानाच चर्चचा मुख्य स्विच बंद करा. रिग अर्थातच बॅटरीवर हवी. आवाज एकदम उघडा झाला तर चोर इमारतीतच आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा आणि कुठल्या एमसीबीला आवाज पुन्हा बुडतो ते बघा.

नेहमीचे संशयित ठरलेले आहेत: दर्शनी भिंतीवरच्या क्रूसाची एलईडी पट्टी आणि तिचा स्वस्त ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारी डबी), सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचा पॉवर सप्लाय, राउटरचा ॲडॉप्टर, सोलर इन्व्हर्टर. सणाच्या रोषणाईच्या माळा अँटेनाच्या पाइपलाच गुंडाळलेल्या असतात, तो दोष नाताळात सुरू होतो आणि माळा उतरल्यावर गायब होतो. बॅटरीवरचा लहानसा मीडियम वेव्ह रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून प्रत्येक वस्तूजवळ नेला, तर ज्याच्यापाशी तो खरखरतो त्याला आधी पकडा. फ्रिक्वेन्सी वेगळी असली तरी वाईट सप्लाय बहुधा सगळीकडेच वाईट असतो.

उपाय साधे आहेत. ड्रायव्हर बदला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरींवर, शक्य तितकं ड्रायव्हरजवळ, क्लिप-ऑन फेराइट (गोंगाट अडवणारी कडी) बसवा. अँटेना आणि एलईडी पट्टी यांत किमान पाच-सहा मीटर अंतर ठेवा. आणि ज्या वस्तूशिवाय आपत्तीच्या वेळी चालतं तिचा स्विच बंद ठेवायची चिठ्ठी रिगशेजारी डकवा.

वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होतो आणि स्वतःच गोंगाट करतो, हे मे महिन्याच्या चाचणीत कधीच कळत नाही. ऐकताना इन्व्हर्टर बंद करून बघा.

आणखी दोन गोष्टी गोंगाटासारख्याच भासतात. बेसचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सेटिंग) फार वर असेल, तर कमकुवत आवाज स्पीकरपर्यंत येतच नाही. बेसवर टोन स्क्वेल्च (सिग्नलबरोबर ठरावीक टोन आला तरच स्पीकर उघडणारी सेटिंग) चालू असेल, तर कमकुवत सिग्नलमधला टोन ओळखला जात नाही आणि माणसाचा आवाज असूनही रिग गप्प राहते. आपत्तीच्या नेटमध्ये (बेस आणि सगळी घरं एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात तेव्हा) बेसवर टोन स्क्वेल्च बंद ठेवा आणि स्क्वेल्च जेमतेम खरखर थांबेल एवढाच. खरखर कानाला त्रास देते हे मान्य, म्हणून हेडफोन वापरा आणि दर तासाला ऐकणारा माणूस बदला.

घरची हँडी

आधी बॅटरी. ऐकताना हँडी शंभर मिलिॲम्पिअरच्या आसपास घेते, बोलताना सव्वा ते दीड ॲम्पिअर. दोन-तीन वर्षं जुनी बॅटरी ऐकायला दिवसभर पुरते, म्हणून चांगली वाटते. पीटीटी दाबताक्षणी तिचा व्होल्टेज कोसळतो आणि हँडी एखादा वॉटच टाकते. पडद्याचा उजेड पीटीटीबरोबर मंदावतो का ते बघा. मंदावत असेल तर बॅटरी बदला.

मग सेटिंग. यूव्ही-५आर या स्वस्त संचाच्या धाटणीच्या हँडीत मेनू २ मध्ये शक्ती 'हाय' आहे का, मेनू ५ मध्ये चॅनेलची रुंदी बेससारखीच आहे का, म्हणजे बेस 'वाइड' असेल तर तुम्हीही 'वाइड' आहात का, ते तपासा. 'नॅरो' राहिलं तर आवाज बारीक जातो. सर्वांत जास्त फसवतो मेनू ७, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर लक्ष ठेवणारा टीडीआर. पडद्यावरच्या खालच्या ओळीतल्या फ्रिक्वेन्सीवर काही ऐकू आलं आणि तुम्ही लगेच पीटीटी दाबली, तर उत्तर त्या दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर जातं. तो बंद करा. रिपीटरवर (आवाज पकडून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा सोडणाऱ्या केंद्रावर) असाल आणि रिपीटर ऐकू येऊनही उघडत नसेल, तर मेनू १३ मधला टोन, मेनू २५ मधली दिशा (अधिक किंवा वजा) आणि मेनू २६ मधला ऑफसेट (दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर), या तीनपैकी एक चुकलेलं असतं. सिम्प्लेक्सवर दिशा 'ऑफ'च हवी. तिथे चुकून वजा राहिलं की ऐकू सगळं येतं, जात काहीच नाही.

बोलायची रीतही महत्त्वाची आहे. पीटीटी दाबून एक सेकंद थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो पहिला शब्द म्हणजे नेमकं तुमचं कॉल साइन (परवान्यावरचं ओळख-नाव) असतं. माइक तोंडापासून चार-पाच सेंटिमीटरवर, थोडा तिरका. ओरडू नका, ओरडलं की आवाज फाटतो. माइकचं बारीक भोक पावसाच्या एका थेंबाने बंद होतं, म्हणून भर पावसात हँडी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

आणि जागा. कमरेला लावलेली हँडी शरीरातच बोलते. ती तोंडासमोर, अँटेना सरळ उभी धरा. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे ५२ सेंटिमीटर असते, त्यामुळे अर्धा मीटर डावी-उजवीकडे सरकल्याने मेलेला सिग्नल जिवंत होतो. आरसीसी इमारतीत मधल्या खोलीतून बाल्कनीत आलात की जो फरक पडतो तो कुठल्याही महागड्या अँटेनाने पडणार नाही. प्रत्येक घराने कोरड्या दिवशी आपली जागा शोधावी, जिन्याचा चौक असेल, मागची पडवी असेल, आणि तिथे फरशीवर ऑइल पेंटने फुली मारून ठेवावी. अंधारात, घाईत, पोरंबाळं रडत असताना ती फुली उपयोगी पडते.

हँडीच्या रबरी अँटेनाला खाली शेपटी जोडली तरी फरक पडतो. ४९ सेंटिमीटर प्लास्टिक आवरणाची वायर घ्या, एका टोकाला रिंग लग लावा, ती अँटेनाच्या बुडाशी बाहेरच्या धातूच्या कड्याला टेकेल अशी बसवा आणि वायर खाली लोंबती सोडा. मधल्या पिनला ती लागू देऊ नका.

ज्या घरातून कशानेच जमत नाही, तिथे ग्राउंड प्लेन अँटेना बनवा. एक एसओ-२३९ चॅसिस सॉकेट (ज्यात पीएल-२५९ बसतो ते) घ्या. घरच्या वायरिंगच्या ४ चौरस मिलिमीटर वायरीतली एकसंध तार मिळाली तर उत्तम, नाहीतर दोन-तीन मिलिमीटरची पितळी सळई. मधल्या पिनला ५१ सेंटिमीटरची तार सरळ उभी सोल्डर करा. चारही कोपऱ्यांच्या छिद्रांना ३ मिलिमीटरच्या बोल्टने ५२ सेंटिमीटरच्या चार तारा लावा आणि त्या ४५ अंशांत खाली वाकवा. मग उभी तार वरून थोडी थोडी कापत १४५ वर एसडब्ल्यूआर कमीत कमी करा. तीन मिलिमीटर कापल्याने अनुनाद (अँटेना सर्वांत चांगली चालते ती फ्रिक्वेन्सी) सुमारे पाऊण ते एक मेगाहर्ट्झ वर सरकतो, त्यामुळे घाई नको. शेवट बहुधा ४९ च्या आसपास होतो. सॉकेट २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या तोंडावर बसवा, केबल पाइपच्या आतून घ्या, वरच्या सोल्डरवर न्यूट्रल सिलिकॉन लावा. नारळाच्या झावळ्यांच्या वर जाईल एवढी उंची मिळाली तर फार छान. गच्चीचा कठडाही चालतो. हँडीचा एसएमए सॉकेट (अँटेना फिरवून बसवतात तो) नाजूक असतो, त्याला जाड केबल थेट लटकवू नका. मध्ये हातभर पातळ केबलचा तुकडा द्या.

एक सावधगिरी: स्वस्त हँडीला उंचावरची अँटेना जोडली की जवळच्या मोबाइल टॉवरच्या जोराने तिचा रिसीव्हर दबतो आणि उलट कमी ऐकू येऊ लागतं. तसं झालं तर त्या घरात हँडीऐवजी गाडीत बसवायची जुनी रिग लावा. आणि वाड्यांच्या गावात ४३५ मेगाहर्ट्झपेक्षा १४५ वर राहा. ओली पानं ४३५ ला जास्त खातात.

बेसची वीज

'पीटीटी दाबली की रिग बंद पडते' किंवा 'बोलताना आवाज घरघरतो' अशी तक्रार आली, की लोक रिग दुरुस्तीला देतात. बहुतेक वेळा वायर बारीक असते. २५ वॉटवर रिग बोलताना सुमारे ६ ॲम्पिअर घेते. बॅटरी पाच मीटरवर असेल तर जाण्या-येण्याची दहा मीटर वायर होते. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्यावर ०.७ व्होल्ट जातात, ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३ सुद्धा जात नाहीत. १२.२ व्होल्टची अर्धी उतरलेली बॅटरी बारीक वायरीतून रिगपर्यंत साडेअकराच पोहोचवते, आणि बहुतेक रिग ११.७ च्या खाली कुरकुरतात. मल्टिमीटर बॅटरीवर लावू नका. रिगच्या मागच्या टोकांवर लावा आणि पीटीटी दाबून वाचा.

किती बॅटरी हवी? दर तासाला सहा मिनिटं बोलणं आणि बाकी ऐकणं धरलं तर २४ तासांना साधारण २२ ॲम्पिअर-अवर लागतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवायची नसते, म्हणजे ४५ ची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेट ३० ची पुरते. चर्चच्या किंवा शाळेच्या इन्व्हर्टरची १५० ॲम्पिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी असेल, तर प्रश्नच मिटला: तिच्या टोकांवरून, टोकाजवळच १५ ॲम्पिअरचा फ्यूज घालून, ४ चौरस मिलिमीटरची वायर रिगपर्यंत आणा. आधी मोजून घ्या. दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर २४ व्होल्टचा असतो आणि तो रिग जाळतो. त्यातली एकच बॅटरी वापरायची युक्तीही नको, दोन्ही असमान उतरतात.

नेटमधला दोष

सगळं दुरुस्त केल्यावरही 'ऐकू जात नाही' राहिलं तर माणसं तपासा. एफएमवर दोघं एकदम बोलले की जोरदार सिग्नलवाला ऐकू येतो आणि दुसरा पूर्ण पुसला जातो, त्याला ते कळतही नाही. चर्चशेजारचं घर सतत बोलत असेल तर लांबची वाडी दिवसभर गप्प वाटते. म्हणून बेसने नाव घेऊन, लांबच्या वाडीपासून सुरुवात करून पुकारायचं, आणि न पुकारलेल्याने फक्त जीव धोक्यात असेल तरच मध्ये बोलायचं. उत्तर तीनच तुकड्यांत: कॉल साइन, 'सगळे ठीक' किंवा 'मदत हवी', आणि मदत हवी असेल तर माणसं किती व काय हवं. ज्या घराचा आवाज बेसला येत नाही पण मधल्या घराला येतो, त्याचा निरोप मधल्या घराने शब्दशः पुढे द्यायचा. हे मधलं घर कुठलं ते आधीच ठरवून यादीत लिहा.

बोलणारा प्रत्येक जण परवानाधारक हवा. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस परवान्यांचं काम बघणाऱ्या) शाखेची परीक्षा असते, बारा वर्षांवरचं मूलही ती देऊ शकतं, आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची संकेतलिपी) लागत नाही, त्यामुळे युवा मंडळातल्या मुलामुलींना ती सहज झेपते. प्रत्येक वाडीत किमान दोघं असू द्या, एक जण कामावर गेला तर दुसरा. ऑनलाइन मागवलेला कुठलाही वॉकी-टॉकी वाटून मोकळं होणं बेकायदा आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा काढल्या आहेत. गल्लीपुरतं बोलायला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे मान्यताप्राप्त संच परवान्याशिवाय चालतात. ते वाडीतल्या वाडीत वापरा, आणि वाडीतून चर्चला परवानाधारकाने बोलावं.

१९७८ च्या हौशी सेवा नियमांत दुसऱ्याचे निरोप नेण्याची मुभा नैसर्गिक आपत्तीत, जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम मुलकी अधिकाऱ्याकडून आलेल्या किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या निरोपांसाठी आहे. म्हणून पावसाळ्यापूर्वीच तहसील कार्यालयाच्या आपत्ती कक्षाला परवानाधारकांची यादी द्या आणि कुणाशी बोलायचं ते ठरवून घ्या. मिस्साच्या वेळा, वर्गणी, कार्यक्रम हे रेडिओवर नको.

चाचणी कधी आणि कशी

मे महिन्यात आवारात उभं राहून घेतलेली चाचणी या दोषाला कधीच पकडत नाही, कारण तेव्हा केबल कोरडी असते, वीज असते, आणि सगळे मनोऱ्याच्या सावलीत असतात. चाचणी जूनच्या शेवटी, सलग दोन दिवस पाऊस पडल्यानंतर घ्या. चर्चचा मुख्य स्विच बंद. बेस ५ वॉटवर. प्रत्येक जण आपापल्या घरात, दारं-खिडक्या लावून, फुलीवर उभा. बेसने वहीत प्रत्येक घरापुढे दोन रकाने भरायचे: घराला बेस कसा आला, बेसला घर कसं आलं. दोन्ही रकाने चांगले असतील तर सगळं ठीक. पहिला चांगला आणि दुसरा वाईट अशी ओळ दिसली की ते घर त्याच आठवड्यात तपासायचं. बऱ्याच ओळींत दोन्ही रकाने वाईट दिसले तर पाऊस उघडताच मनोऱ्यावर चढून केबलचं वरचं टोक सोडवायचं. त्या दिवशी मोकळ्या टोकाला आलेला आकडा आणि तारीख केबलच्या खालच्या टोकाला चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पुढच्या जूनमध्ये आकडा ०.५ ने जरी खाली आलेला दिसला, तरी केबलची ऑर्डर द्या.